दीपमालाची स्कूटी

मी एक जुनी स्कूटी आहे, मित्रांनो. रंगाने निळी, आता निळी म्हणायला जरा जोर लावावा लागतो, एवढंच. माझी पहिली मालकीण मारेगावची एक शिक्षिका होती. तिने वर्षभर माझ्या सीटवरचं प्लॅस्टिक काढलं नव्हतं, इतकी मी लाडकी. पुढे बाईंची बदली झाली आणि मी दोन वर्षं एका भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्यावर कोंबड्या बसायच्या. तिथून मला फुलसावंगीच्या डोमाजींनी आणलं, कारण त्यांच्या मोठ्या लेकराला पुसदला नोकरी लागली होती.

नोकरी एका सरकारी कार्यालयात, संगणकावर माहिती भरण्याची. पण कंत्राटी, एका एजन्सीमार्फत, अकरा महिन्यांची. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा यादीची वाट. घरी त्या लेकराला सगळे संघदीप म्हणत, मुलगा म्हणत. मला खरं नाव कळायला तीन आठवडे लागले.

तिसऱ्या रविवारी पुसदच्या एका खोलीपुढे मला उभं केलं. ती खोली पार्लर चालवणाऱ्या उर्वशीताईची. आत जाताना लेकराच्या अंगावर पँट-शर्ट होता, बाहेर येताना पिवळा कुर्ता आणि ओढणी. उर्वशीताई म्हणाली, "चाल दीपमाला, बागेत जाऊ." तेव्हापासून माझ्यासाठी ती दीपमालाच.

रविवार म्हणजे बाग, पाणीपुरी, कधी दुपारचा सिनेमा. रविवारी माझ्या सीटखाली शर्ट असायचा आणि सोमवार ते शनिवार ओढणी. परतताना पुसद सुटेपर्यंत ती गुणगुणायची.

नागपूरला एक डॉक्टर होत्या. दीपमालाचं शरीर तिच्या मनासारखं व्हावं म्हणून उपचार असतात, असं त्यांनी तिला समजावलं होतं. आधी बोलणं, तपासण्या, मग औषधं. घाई करायची नाही, पण खंडही पडू द्यायचा नाही. त्यांचा दवाखाना फक्त बुधवारी. आणि कंत्राटी माणसाने बुधवारी सुट्टी मागितली की साहेब कपाळाला आठ्या घालायचे. दोन बुधवार असेच हुकले.

एका सकाळी डोमाजी मला पेट्रोल भरायला घेऊन गेले. माझ्या टाकीचं झाकण सीटखाली आहे. त्यांनी सीट उचलली आणि तसेच उभे राहिले. पंपावरचा माणूस नळी धरून थांबला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तेव्हा कुठे ते भानावर आले.

घरी दीपमाला अंगणात पाणी भरत होती. डोमाजी तिच्याकडे न पाहता म्हणाले, "ओढणीले पेट्रोलचा वास लागते. पिशवीत ठेवत जाय."

तिच्या हातातली बादली खाली टेकली. "बाबा, ते माह्यंच हाय."

"ठाऊक हाय मले. लहानपणापासून पाहून राह्यलो. तुह्या मायले एकदम नको सांगू. अन् नोकरी सांभाळ, बस."

पुढे कितीतरी दिवस त्यांनी माझी सीट पुसली नाही. एरवी रोज पुसायचे.

मुदत संपत आली. त्याच सुमारास दीपमालाला तिच्या खऱ्या नावाचं सरकारी ओळखपत्र मिळालं. अर्जाचा कागद हातात घेऊन ती कार्यालयातल्या गाड्यांच्या शेडमध्ये आली, तेव्हा मोठे बाबू देवीलाल तिच्या मागोमाग आले. माणूस वाईट नव्हता.

"हे पाय," ते हळूच म्हणाले, "कायद्यानं तुले कोनी अडवू शकत नाही. पन एजन्सीवाला कारन देत नाही, नुसतं नाव गाळते. यंदा जुनंच नाव टाक. पक्कं झालं की मंग बदलव."

"पक्कं कधी होते भाऊ? आपल्याच हापिसातला नयन सात वर्षांपासून अकरा-अकरा महिनेच करून राह्यला."

देवीलाल आत निघून गेले.

रविवारी बागेबाहेर उर्वशीताईनेही समजावलं. "सहा दिवस त्यायचे, एक दिवस तुहा. मी बी काढले असे बरेच. इलाज तरी चालू राहीन."

"सहा दिवस मी कोन असते मंग, ताई?" दीपमालाने विचारलं.

मग तिने कागद माझ्या सीटवर ठेवला आणि नावाच्या रकान्यात लिहिलं. पेन इतकं दाबलं होतं की प्रत्येक अक्षर मला कळलं. दीपमाला.

यादी लागली. यादीत दीपमाला हे नाव नव्हतं, संघदीपही नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही. देवीलाल माझ्या नंबरप्लेटकडे बघत म्हणाले, "मी सांगतलं होतं." त्यांचा आवाज पडलेला होता.

दीड महिना मी अंगणात उभी होते. घरात आईला, म्हणजे पंचफुलाबाईंना, सगळं कळलं. त्या रडल्या, मग बोलेनाशा झाल्या. रविवारही बंद पडले. डोमाजी रोज सकाळी मला दोन मिनिटं सुरू करून ठेवायचे, बॅटरी उतरू नये म्हणून.

एका मंगळवारी दीपमाला पिवळा कुर्ता घालूनच घरातून निघाली. डोमाजींनी फाटक उघडलं. गावातल्या चौकात कुणीतरी हसलं, कुणीतरी जुन्या नावाने हाक मारली. तिचे हात माझ्या हँडलवर घट्ट झाले, पण तिने वेग वाढवला नाही.

पुसदच्या बसस्टँडजवळ गाड्या ठेवायच्या स्टँडवर ती मला ठेवायला थांबली. दुसऱ्या दिवशी नागपूरला डॉक्टर भेटणार होत्या. स्टँडवरच्या माणसाने पावतीपुस्तक उघडलं.

"नाव?"

"दीपमाला."

त्याने लिहिलं. "किती दिवस ठेवता?"

"तीन."

पावतीचा अर्धा तुकडा त्याने माझ्या हँडलला अडकवला आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

मित्रांनो, दुसरं काम अजून मिळालेलं नाही. यानंतरच्या बुधवारचं काय, ते तिलाही माहीत नाही. मी काही मदत करू शकत नाही. हवा-तेल मिळालं तर तिला नेईन-आणीन. तुमच्याकडे मात्र एक मागते. कुणी तुम्हाला आपलं नाव सांगितलं, तर त्या स्टँडवरच्या माणसासारखं लिहून घ्या आणि पुढचं विचारा.