मला मागच्या बाकाचा हेवा वाटतो

मित्रांनो, चर्चमध्ये शिरल्यावर पहिल्या रांगेत जो रुंद पाठीचा, नक्षीदार बाक दिसतो, तो मी. आता माझी झिलई गेली आहे, पाठीला चीर पडली आहे, पण एक खोड मात्र काही जात नाही. मी हेवेखोर आहे.

एका म्हाताऱ्या सुताराने मला सागापासून घडवले. कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्याच्या मालकांनी मला चर्चला भेट दिले, आणि दर रविवारी त्यांचेच कुटुंब माझ्यावर बसू लागले. चर्चचा शिपाई मला तेलाने पुसायचा. येणारे-जाणारे माझ्या नक्षीवरून हात फिरवायचे.

तरी माझे सारे लक्ष मागे, दाराजवळ. तिथे फळकुटे ठोकून केलेला एक लंगडा बाक होता. त्यावर कारखान्यातल्या बायका दाटीवाटीने बसत. मधोमध असे एक म्हातारी सुईण. तिला सगळे मावशी म्हणत. उपासना संपली की पाळकसाहेब मालकांशी हात मिळवत आणि लगबगीने मागे जाऊन त्या लंगड्यावर टेकत. तिथे कुणी हसे, कुणी डोळे पुशी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदाचा त्याचा पाय मोडावा, असे मला वाटे.

मग कारखान्यात वाफेचा नळ फुटला. बायकांनी काम सोडून बाहेर जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप असे. ते उघडेपर्यंत एका मुलीचा हात कोपरापर्यंत भाजला. मालकांनी तिचाच हलगर्जीपणा ठरवला आणि तिला कामावरून काढले.

त्या रविवारी मावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कुलूप काढा आणि पोरीला परत घ्या, एवढेच तिचे मागणे होते. मालक बसल्या जागेवरूनच शांतपणे म्हणाले, "मावशी, इथला न्याय अपुराच असतो. स्वर्गात सगळ्यांना न्याय मिळेल, अशी आपली श्रद्धा आहे ना?"

"आहे तर. मी आता तिथं जायच्याच वाटेवर आहे," मावशी म्हणाली. "पण तिथं ही पोर माझ्या शेजारी बसणार. इथं गप्प राहिले, तर तिथं तिला काय तोंड दाखवू?"

मालक उठून गेले. ते पुन्हा चर्चमध्ये आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मावशी आणि कामाची वेळ संपवून आलेल्या बायका कारखान्याच्या फाटकासमोर बसू लागल्या. बसायला त्यांनी नेला तो लंगडा! मी रिकाम्या चर्चमध्ये चरफडत राहिलो. एका दुपारी गर्दीच्या भाराने त्याचा पाय खरेच मोडला, तेव्हा मला बरे वाटले.

मावशीला तर उभे राहवत नव्हते. मला उचलून तिथे न्या, असे पाळकसाहेबांनी सांगितले. शिपाई कचरला, हा मालकांचा बाक आहे, म्हणाला.

"देवाच्या घरातला आहे," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनीच माझे एक टोक उचलले.

भर उन्हात मला फाटकाशी ठेवले. मावशी टेकली, शेजारी हाताला पट्टी बांधलेली ती मुलगी. तेवढ्यात मालकांची गाडी बाहेर आली आणि थांबली. त्यांनी मला ओळखले होते. ते उतरले. मावशी जरा सरकली.

"बसा, जागा आहे."

ते बसले नाहीत. पण त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. त्याच आठवड्यात कुलूप निघाले आणि मुलगी कामावर रुजू झाली.

त्या थंडीत मावशी गेली. शेवटी ती मुलगीच तिच्या उशाशी होती. "मी पुढं होऊन तुझी जागा धरते," मावशी तिला म्हणाली, "तू मात्र घाई करू नकोस."

लंगड्याला नवा पाय बसवला आहे. पाहुणे आले की लोक कौतुकाने त्याचीच गोष्ट सांगतात, आणि माझ्या पोटात दुखते. अहो, फाटकाशी मीही होतो!

मित्रांनो, मला वाळवी लागू देऊ नका, अधूनमधून तेल लावा. पण देखणा म्हणून नुसता जपून ठेवू नका. कुठल्या दाराशी कुणी न्याय मागत बसले असेल, तर त्या लंगड्याच्या आधी मला न्या. मी जड आहे. चौघे लागतील.