पहिला चमचा बाबांचा

“बाबाजी, ये पानी आप ख़ुद भी पीते हैं क्या?”

प्रणितानं उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं आणि लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या पार्कातला तो अख्खा मांडव चिडीचूप झाला. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मागच्या सतरंजीवर गुंजन आणि बाकीच्या दोघी दुपट्ट्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच होती. भर दरबारात हा प्रश्न विचारलास तर शेजारच्या कपूरथला बाजाराच्या नाक्यावर टिक्की, नाही विचारलास तर वर्षभर ‘डरपोक’. वर्षापूर्वी हीच प्रणिता हजेरी देताना अडखळायची. पण नववीत वादविवाद स्पर्धेचं बक्षीस मिळालं, आणि स्वतःच्या आवाजाची तिला अशी काही चटक लागली की आता गप्प बसणं हीच तिला शिक्षा वाटायची.

तिच्या पुढच्याच रांगेत तिची आई बसली होती. वसुधाबाईंनी मागे वळून असे डोळे वटारले, की एरवी प्रणिता जागच्या जागी विरघळली असती.

जून महिना होता. बाहेर लू, उत्तरेतला तो भाजून काढणारा वारा, नुसती फुत्कारत होती. मांडवाच्या कडेनं अॅम्बॅसेडर, पद्मिनी, एक-दोन मेटाडोर अशी रांग लागली होती आणि सगळ्यांची बॉनेटं उघडी, जशी चिमणीची पिल्लं चोची वासून बसावीत. लखनौत त्या वर्षी गाड्या दुधासारख्या उतू जात होत्या. बहुतेक लोक रेडिएटरमध्ये सरळ नळाचं पाणी ओतत, आणि दर चार मैलांवर थांबून वाफेच्या ढगाला वारा घालत. अशा वेळी ठंडे बाबा अवतरले. दाढी पांढरी, गाल गुलाबी, समोर हिरव्या पाण्याचा हंडा, पाण्यात तुळशीची पानं.

“इंजन भी साधू है, भक्तो!” बाबा सांगत. “तपता है! गुस्सा करता है! उसके माथे पर नल का पानी डालोगे तो शाप देगा। हमारा शीतल जल डालो, आशीर्वाद देगा!”

आणि मग चमत्कार. बर्फ आणि मीठ भरलेल्या मटक्यात कुल्फीचे दोन साचे खोचायचे. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात शीतल जल. भजन संपलं की साचे उघडायचे. नळाच्या पाण्याचा दगड झालेला असे, शीतल जल मात्र खळखळत वाहत असे. लोक टाळ्या पिटत. एका मावशींनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि किंचाळल्याच, “हाय राम, मीठा है!” झालं. गोठत नाही, उकळत नाही, वर गोड. देवाची सही आणखी कशी असते?

आता त्या देवाच्या सहीवरच ही मुलगी प्रश्न विचारत होती.

बाबांनी क्षणभर डोळे मिटले. मग हसून म्हणाले, “बेटी, हलवाई कभी अपनी मिठाई खाता है?”

“वाह! वाह!” मांडव गडगडला. प्रणिता खाली बसली. टिक्की पक्की झाली होती. पण गोष्ट तिथं संपली नाही. पुढच्या रांगेतले एक जाडजूड गृहस्थ हात जोडून उठले.

“बाबाजी, लड़की ने बात तो पते की छेड़ी। हम लोग पी सकते हैं? शरीर की गरमी भी तो गरमी है!”

बाबांचं हसू गालावरच अडकलं. त्यांनी चेल्याकडे पाहिलं, चेल्यानं मांडवाच्या छताकडे. प्रणितानं ते पाहिलं. दोनशे माणसं श्वास रोखून बसली होती आणि ‘नाही’ म्हणायची काही सोय राहिली नव्हती.

“श्रद्धा हो तो…” बाबा घसा खाकरून म्हणाले, “सोमवार से। इक्कीस दिन। सुबह खाली पेट, एक बड़ा चम्मच।”

मग जी काही झुंबड उडाली! जे काल रेडिएटरसाठी डबा आणत होते, ते आज पोटासाठी बाटल्या मागू लागले. सगळ्यात पुढे वसुधाबाई. दोन वर्षं झाली, त्यांच्या अंगात मधूनच आगीचा लोट उठायचा. भर पंख्याखाली घाम फुटायचा, रात्र रात्र झोप नसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वयाचं आहे, जाईल. ते काही जात नव्हतं.

“बघ,” घरी येताना बाटली पदराखाली धरून त्या म्हणाल्या, “तू आगाऊपणा केलास, पण त्यातून चांगलंच निघालं.”

संध्याकाळी नाक्यावर प्रणिताला टिक्की गेली नाही. गुंजनला म्हणाली, “यार, तूच खा.”

गुरुवार होता तो. सोमवारला मध्ये तीनच दिवस.

शुक्रवारी तिचं कशातच लक्ष लागेना. पुस्तक उघडलं, मिटलं. कूलरसमोर बसली, उठली. फ्रिज उघडून बाटली पाहिली, बंद केला, पुन्हा उघडला.

“अगं, काय भिंगरीसारखी फिरतेयस?” आई ओरडली.

“आई, तू ते पिऊ नकोस ना.”

“का?”

‘बाबांनी छताकडे पाहणाऱ्या चेल्याकडे पाहिलं’ हे काय उत्तर आहे? शिवाय पप्पांनी, म्हणजे धनंजयरावांनी, चहा ढवळत आईच्याच बाजूनं साक्ष दिली. पप्पा बँकेत होते, पुराव्याशिवाय बोलत नसत. “प्रणू, मागच्या रविवारी आंबे आणायला मलिहाबादला गेलो की नाही? भर दुपारी? जाऊन-येऊन पद्मिनी एकदाही उकळली नाही. मी काही भोळाभाबडा नाही. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं.”

हेच तर अवघड होतं. पाणी खोटं असतं तर सोपं गेलं असतं. पाणी खरंच काम करत होतं!

शनिवारी सकाळी ती बाटली घेऊन गच्चीवर गेली. उजेडात धरून पाहिलं. हिरवा रंग असा चमकत होता की तुळशीच्या सात पिढ्यांना जमला नसता. हात घामेजलेले, झाकण सैल. चमचाभर पाणी आईच्या सांडग्यांच्या रिकाम्या ताटात सांडलं. “मर गए!” म्हणून तिनं पुसायला ओढणी पुढे केली, आणि थांबली. शेजारच्या ताटात तिनं चमचाभर नळाचं पाणी टाकलं आणि सावलीत उकिडवी बसून राहिली.

लखनौच्या लूपुढे पाण्याची काय बिशाद! नळाचं पाणी बघता बघता गेलं, मागे चुन्याची पांढरी रेघ तेवढी राहिली. बाबांचं पाणी थोडं आटलं आणि मग हटूनच बसलं. दुपार झाली, ताट तापून बोट लावता येईना, तरी हिरवा चिकट थेंब तसाच, तेलासारखा.

पाणी वाळतं. न वाळणारं हे पाणी नव्हेच.

मग काय असेल? या प्रश्नाला घरात बसून उत्तर मिळणार नव्हतं. तिनं बाटली पिशवीत टाकली, सायकल काढली आणि टळटळीत उन्हात कपूरथल्याला नफीस उस्तादांच्या गॅरेजवर धडकली. पप्पांची पद्मिनी दर महिन्याला इथंच यायची. उस्ताद गाडीखालून सरकत बाहेर आले. हात काळे, जबान मात्र अशी पांढरीशुभ्र की शाळकरी मुलीलाही ‘आप’.

“फ़रमाइए बिटिया, इस धूप में आप कैसे?”

तिनं बाटली दिली. उस्तादांनी ती हलवली, वास घेतला, आणि मागच्या फळीवरून एक डबा काढून काचेच्या ग्लासात थोडं ओतलं. दोन्ही शेजारी ठेवले. तोच रंग, तीच चमक. एकात तुळस, एकात नाही.

“कूलेंट है,” ते म्हणाले. “मारुतीवाले डालते हैं। पुरानी गाड़ियों वाले जानते ही नहीं, सो बाबा की दुकान चल गई। आधा ये, आधा बैटरीवाला साफ़ पानी। इंजन में उबलता देर से है, पहाड़ पर जमता नहीं। नल का पानी तो रेडिएटर में चूना बिठा देता है। आपके वालिद को कब से कह रहा हूँ, गाड़ी की किताब पढ़िए, जो उसमें लिखा हो वही डालिए। चीज़ बहुत अच्छी है, बिटिया। गाड़ी के लिए।”

“और पीने के लिए?”

उस्तादांचा चेहरा उतरला. “पिछले साल हमारी बकरी ने ट्रे में गिरा हुआ चाट लिया था। मीठा होता है न, जानवर छोड़ता नहीं। पहले झूमती रही, जैसे नशे में हो। तीसरे दिन गई। डॉक्टर ने कहा, गुर्दे, मतलब किडनी, ख़त्म।” त्यांनी डबा फिरवून तिच्यापुढे धरला. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत छापलं होतं: विष. पोटात जाऊ देऊ नये.

प्रणितानं तो डबा हातात घेतला. “उस्ताद, कल दरबार है। आप चलेंगे?”

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि फणकारली, “मेकॅनिक असंच म्हणणार! बाबांमुळे त्याचं गिऱ्हाईक तुटलंय.”

“आई, प्लीज! ताट बघ ना!”

“ताट राहू दे. रात्री झोप माझी जाते, तुझी नाही.” एवढं बोलून त्या आत गेल्या. पण जाताना वळून ताटाकडे त्यांनी पाहिलं खरं.

रविवारी मांडव पुन्हा भरला. बाबा रंगात आले होते. मटका आला, दोन साचे आले. चेला ते खोचणार, एवढ्यात प्रणिता पुढे झाली. हातात कुल्फीचा तिसरा साचा.

“बाबाजी, एक हमारा भी रख लीजिए।”

“ये क्या मज़ाक है?” चेला खेकसला. “लड़की को हटाओ!”

तिनं वळून पाहिलं. पप्पा उठून उभे राहिले होते. कान लाल, आवाज मात्र बँकेतला, थंड. “रखने दीजिए न भाईसाहब। मैं तो आपका भक्त हूँ। सच है तो साँचे दो हों या तीन, क्या फ़र्क़ पड़ता है?”

“हाँ हाँ, रखने दो!” लोकांना तमाशा हवाच होता.

भजन सुरू झालं. त्या दिवशी बाबांनी ते फार लवकर आवरायला पाहिलं, पण भक्त गातच राहिले. प्रणिता एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. शेवटी साचे उघडले. नळाचं पाणी: दगड. बाबांचं: खळखळ. तिसरा साचा तिनं उंच धरून उलटा केला. हिरवी धार सळसळत खाली.

“इसमें किसी का आशीर्वाद नहीं है!” ती ओरडली. “ये डब्बे का कूलेंट है!” नफीस उस्तादांनी मागून डबा वर धरला.

बाबा डगमगले नाहीत. “ज़रूर कंपनीवालों ने हमारा ही जल चुराकर डब्बे में भरा है।”

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. तरी अजून अर्धे लोक हात जोडूनच बसले होते. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून तिची आई उठली. हातात पूजेतली तांब्याची पळी. वसुधाबाईंचं हिंदी मोडकंतोडकं होतं, सातारच्या वळणाचं, पण त्या दिवशी ते कुणालाही कळलं असतं. त्यांनी हंड्यातून पळी भरली आणि बाबांच्या ओठांसमोर धरली.

“बाबाजी, मेरी बेटी का सवाल वैसाच रह गया। पैला चम्मच आप लो। फिर मैं लेती।”

“आज हमारा व्रत है, माता।”

“तो कल लो। मैं रुकती।”

“कल भी व्रत है।”

“कितने दिन का है? इक्कीस का?”

आता हसू फुटलं ते आवरेना. बाबा पळीकडे असे बघत होते, जणू समोर साप आहे. बाबा उठले, “ध्यान का समय” असं काहीतरी पुटपुटत मांडवामागे गेले, आणि पाठोपाठ त्यांची व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला. लोक धावले तेव्हा मागे लेबलं खरवडलेल्या डब्यांचा ढीग, एक नळाची रबरी नळी आणि तुळशीच्या दोन जुड्या सापडल्या. एवढाच होता सारा दैवी कारखाना.

दुपारी घरी आल्यावर आईनं आपली बाटली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून बराच वेळ पदरानं वारा घेतला. लोट उठला होता.

“उद्या डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जाऊ आपण,” पप्पा म्हणाले. “नुसतं ‘वयाचं आहे’ ऐकून परत नाही यायचं. औषध विचारायचं.” मग ओशाळून म्हणाले, “मी डोळ्यांनी पाहिलं होतं, प्रणू. ते खोटं नव्हतं.”

“नव्हतंच, पप्पा. गाडी थंड राहिली हे खरंच. पण का राहिली, हे आपण विचारलंच नाही.”

“खरं आहे. आता जेवायला बस. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

पण प्रणिता दारात उभी राहून चपला चढवत होती. खांद्याला मोठी पिशवी.

“मी जेवायला थांबत नाहीये. आपल्या एकट्या गल्लीतच अकरा घरांत बाटल्या गेल्यात, आणि त्यातले निम्मे लोक आज मांडवात नव्हते. उद्या सकाळी उठून ते उपाशी पोटी चमचा भरणार. त्यांना ते प्यायचं सुचलं, कारण मी टिक्कीसाठी प्रश्न विचारला. प्रश्न बरोबर होता, आई. फक्त उत्तर मिळेपर्यंत मी उभं राहायला हवं होतं. आता दारोदार जाते. ताट दाखवते, डब्यावरची अक्षरं वाचून दाखवते. म्हणते, माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा, पण बघितल्याशिवाय काही पोटात ओतू नका. बाटल्या सगळ्या नफीस उस्तादांच्या पिंपात जातील, गटारात एक थेंब नाही. गुंजनला बोलावलंय, ती सायकल धरेल. मी ठरवलंय. शेवटची बाटली हातात आल्याशिवाय मी घरी येणार नाही.”