वायपरवरचं खापर

अंडीवाला तसा भांडखोर माणूस नव्हता, पण स्वतःच्या गाडीच्या वायपरशी त्याचं उभं वैर होतं. पिकअप जुनी. रंग उडालेला, दार लावायचं तर आधी वर उचलायचं आणि मग ओढायचं, हॉर्न मनात आलं तर वाजणार. त्याबद्दल त्याची कधी तक्रार नसे. पण पाऊस सुरू झाला आणि समोरचं धूसर दिसायला लागलं, की तो वायपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. "हे पुसतायत का माखतायत?" असा त्याचा ठरलेला सवाल. शेजारी बसलेली बायको हसून म्हणायची, "जाऊ द्या हो. मी आहे ना. जरा कडेला घ्या, पुढे सायकलवाला आहे."

ती बोलतच असायची. गाडी फाटकाबाहेर पडली की तिचं तोंड सुरू. गतिरोधक आला हं. तो बघा, कुत्रा आडवा आलाय. सिग्नल लाल झाला. बेकरीचं वळण आलं, हळू. अंडीवाला तिला रेडिओ म्हणायचा. अंडी भरायला गेला की पोल्ट्रीवर चारचौघांत सांगायचा, "आमच्या गाडीत रेडिओ नाही बसवला. लग्नातच मिळाला होता." लोक हसायचे, तीही हसायची, आणि ट्रे मोजायला लागायची. आपल्या गाडीत एक अंडं फुटत नाही, हा अंडीवाल्याचा दुसरा अभिमान. दुकानदार ट्रे उघडूनसुद्धा बघायचे नाहीत. स्टिअरिंगवर हात कसा लोण्यासारखा मऊ हवा, यावर तो कोणालाही गाठून व्याख्यान द्यायचा, आणि ऐकणारा बिचारा हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत उभा राहायचा.

थंडीत बायको गेली. आजार फार लांबला नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी ती त्याला एकच सांगत होती, पावसात गाडी काढू नका. त्याला वाटलं, बाईमाणूस, घाबरते आहे.

त्यानंतर घर असं गप्प झालं, की नळ गळतोय हे त्याला पहिल्यांदाच कळलं. संध्याकाळी तो दिवे लावायचा, टीव्ही लावायचा, आणि मग "अगं ऐकलंस का" म्हणून मान वळवायचा. वळवली की जीभ चावायचा. कधी कधी तो उठून बाहेर उभ्या असलेल्या पिकअपमध्येच जाऊन बसायचा. तिथेही ती नव्हतीच, पण तिथे निदान तिच्या बाजूची सीट दबलेली होती.

माणसांशी बोलणं उरलं होतं ते फक्त सकाळचं. पोल्ट्रीवरचे लोक हाक मारायचे. बेकरीवाला चहा पुढे करायचा आणि आपल्या जावयाची गाऱ्हाणी सांगायचा. वाण्याची म्हातारी आई रोज न चुकता विचारायची, "अंडी ताजी आहेत ना रे?" हाही रोज म्हणायचा, "कोंबडीला विचारून आणलीत." दिवसभरात त्याच्या वाट्याला येणारे शब्द ते एवढे, आणि तेही अंड्यांमुळे. गाडी थांबली की हे सगळं थांबणार, हे तो पुरतं ओळखून होता.

आणि गाडी थांबायचीच लक्षणं दिसत होती. एकट्याने फेऱ्या सुरू केल्यापासून अंडी फुटायला लागली. गतिरोधक अचानक चाकाखाली यायचे. पूर्वी इतके नव्हते, हे काम नक्की नगरपालिकेचं, असं त्याचं मत. एकदा भाजीची हातगाडी जराशी घासली, तर त्याने हातगाडीवाल्यालाच झापलं. पावसाच्या दिवशी तर तो गाडी काढायचाच नाही. शेवटी पोल्ट्रीवाल्याने फोन केला. माणूस सभ्य, पण धंदा तो धंदा. "काका, पाऊस आला की तुमची गाडी येत नाही. दुकानदार माझ्या नावाने ओरडतात. जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरी गाडी बघतो."

"वायपरचं काम निघालंय," अंडीवाला म्हणाला. "तेवढं झालं की बघा. पावसात सगळ्यांच्या आधी पोचतो की नाही."

मुलीलाही त्याने तेच सांगितलं. ती दूर, दुसऱ्या शहरात. रविवारी तिचा फोन यायचा आणि त्यात एकच पालुपद असायचं. "बाबा, ती गाडी विकून टाका आणि इकडे या."

"तिकडे येऊन काय करू? तुम्ही दोघं कामावर जाणार, मी गॅलरीत बसून कबुतरं हाकलू?"

"निदान डोळे तरी तपासून घ्या."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तुझी आई काय म्हणायची, आठव. घारीची नजर आहे म्हणायची."

यावर मुलीने जेवणाखाण्याचं विचारलं. आईचं नाव निघालं की दोघंही विषय बदलत.

वायपर बदलायचे तर गॅरेजवाल्याकडे कशाला जायचं, हे हातचं काम, असं म्हणून त्याने आधी दुकानातून नवीन ब्लेड आणली. चांगली सपाट, आजच्या गाड्यांना असतात तसली. ती या जुन्या गाडीच्या दांड्यांना बसेनात. दांडीचं टोक सरळ आणि ब्लेडची खाच आकड्यासारख्या वाकड्या टोकासाठी केलेली. सकाळभर खटपट करून, तारेने आवळून, वरून चिकटपट्टी गुंडाळून त्याने एकदाचं जमवलं आणि बटण दाबलं. ब्लेड अर्ध्यात सुटलं, शेजाऱ्याच्या कंपाउंडात जाऊन पडलं, आणि उघडी दांडी काचेवर खर्रकन फिरली. शेजारीण ब्लेड परत द्यायला आली तेव्हा तो म्हणाला, "तपासून बघत होतो." मग मुकाट्याने गॅरेजची वाट धरली.

गॅरेजवाला त्याला बऱ्याच वर्षांपासून ओळखत होता. त्याने दांडी काचेवरून उचलली आणि सोडली. ती मरगळल्यासारखी परत टेकली. "काका, नुसतं ब्लेड बदलून काय होणार? दांडीतली स्प्रिंग मेलीय. काचेवर दाबच पडत नाही. दांड्यांसकट बदलू. नंतरच्या मॉडेलच्या या गाडीला बसतात, बुडाचे दाते सारखेच आहेत."

त्याने बुडाशी असलेलं टोपण काढलं, नट सोडवला. दांडी गंजून जाम झाली होती. तेल सोडून, थोडा वेळ थांबून, त्याने पुलरचा शिकंजा लावून ती हळूहळू वर खेचली. जुन्या दांड्या खाली पडल्या. नवीन दांड्या लावण्याआधी त्याने वायपरची मोटर सुरू करून बंद केली, म्हणजे ती आपल्या मूळ जागी येऊन थांबते. तसं न करता दांडी बसवली तर वायपर काच सोडून भलतीकडेच फिरतो. मग लांब दांडी चालवणाऱ्याच्या बाजूला, आखूड दांडी दुसऱ्या बाजूला, आणि दाते जुळवून नट आवळले.

"हे काम खरं तर केव्हाच व्हायचं," नट आवळता आवळता गॅरेजवाला म्हणाला. "मी काकूंना म्हटलं होतं, बदलून देतो. त्याच नको म्हणाल्या."

"कोण नको म्हणालं?"

"काकू. म्हणाल्या, असू देत जुनेच. आमच्या ह्यांना शिव्या घालायला काहीतरी लागतं."

अंडीवाल्याला ते झोंबलं. इतकी वर्षं आपण पावसात तोंडाला फेस येईपर्यंत ओरडत होतो आणि ही बया मुद्दाम हेच वायपर ठेवत होती! वर आपली गंमत बघत होती. त्याला राग आला, आणि रागावायला समोर कोणी नाही म्हणून तो आणखी चिडला. गॅरेजवाल्याने पाइपने काचेवर पाणी सोडलं. नवीन ब्लेड एका फटक्यात काच कोरडी करत फिरली, आवाजसुद्धा नाही. काचेवर एक थेंब राहिला नव्हता.

"काय काका, दिसतंय ना?" शटरपाशी उभा राहून गॅरेजवाल्याने हात हलवून विचारलं.

"एकदम आरसा!" अंडीवाला म्हणाला. तो काचेकडेच बघत होता.

पाऊस दोन दिवसांनी आला, सकाळीच, चांगला दणकून. अंडीवाला त्याची वाटच बघत होता. पोल्ट्रीवर ट्रे भरताना त्याने सगळ्यांना वायपर फिरवून दाखवले, पोल्ट्रीवाल्याला तर हाताला धरून आणून दाखवले. "आता बोला!" पोल्ट्रीवाला हसला, म्हणाला, "सांभाळून जा." कितीतरी दिवसांनी अंडीवाल्याला बरं वाटत होतं. गाडी बाहेर काढताना तो चक्क शीळ वाजवत होता.

हमरस्त्याला लागल्यावर शीळ थांबली. वायपर झोकात फिरत होते. काचेवर पाणी ठरतच नव्हतं. आणि समोर मात्र सगळं तस्संच होतं. गाड्यांचे दिवे पिंजलेल्या कापसासारखे पसरलेले. रस्ता थोडा पुढे जायचा आणि दुधात बुडायचा. त्याने वायपरचा वेग वाढवला. काच आतून धुरकटली असेल म्हणून फडक्याने पुसली. मान पुढे काढून नाक जवळजवळ काचेला लावलं. "अरे पुसा की!" तो ओरडला, आणि ते बिचारे जीव तोडून पुसत होते.

वळण कुठे आलं, आलं की नाही, त्याला कळेना. त्याने अंदाजाने गाडी वळवली. तेवढ्यात बॉनेटच्या अगदी पुढ्यात काहीतरी लाल उमटलं. त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मागे ट्रे एकमेकांवर कोसळल्याचा आवाज आला. लाल होती ती छत्री. छत्रीखाली एक बाई होती, आणि तिने एका लहान पोराला बखोटीला धरून मागे ओढलं होतं. तिने बॉनेटवर हात आपटला.

"अहो, दिसत नाही का?"

ती निघून गेली. अंडीवाल्याने कशीबशी गाडी कडेला घेतली. वायपर फिरत होते, आणि काच स्वच्छ होती. बॉनेटवर पडणारा एकेक थेंब त्याला दिसत होता. फक्त त्याच्या पलीकडे काही नव्हतं.

मग त्याला एक साधी गोष्ट सुचली, आणि इतकी वर्षं ती का सुचली नाही याची त्याला भीती वाटली. कडक उन्हातही बायको सिग्नल का सांगायची? कोरड्या, लख्ख रस्त्यावर गतिरोधक का सांगायची? भर दुपारी सायकलवाला, कुत्रा, वळण? वायपर बदलले असते तर त्याला दोष द्यायला वायपर उरले नसते. म्हणून तिने ते बदलू दिले नाहीत. त्याची नजर मंद होत चाललीय हे तिला माहीत होतं, आणि कोणी तसं म्हटलं तर हा माणूस घर डोक्यावर घेईल हेही माहीत होतं. म्हणून ती रोज पहाटे उठून शेजारी येऊन बसली आणि बोलत राहिली, आणि वर त्याच्याकडून रेडिओ म्हणवून घेतलं. तिने आपल्याला सांभाळलं की फसवलं, हे त्याला ठरवता येईना. तिच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि ती हवी होती, इतकी हवी होती की त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो मोठ्याने रडला.

रडून झाल्यावर त्याने मुलीला फोन लावला.

"बाबा? आत्ता? काय झालं?"

"कडेला थांबलोय. गाडीत."

"पाऊस आहे का? पण वायपर बदललेत ना? परत बिघडले का?"

हो म्हणणं फार सोपं होतं. हो म्हटलं असतं तर मुलीने गॅरेजवाल्याला चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता.

"वायपर चांगले आहेत," अंडीवाला म्हणाला. "मलाच दिसत नाहीये."

"पण आई तर म्हणायची..."

"आई सांगायची म्हणून मी चालवायचो गं."

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, गाडी बंद करा. मी पोल्ट्रीवाल्याला फोन करते, तो कोणाला तरी पाठवेल. कुठे आहात ते सांगा."

कुठे आहोत, हे त्याला माहीत नव्हतं. ज्या रस्त्याने अर्धं आयुष्य अंडी पोचवली, तो हा रस्ता नव्हता.

"एखादी पाटी असेल बघा जवळ. काय लिहिलंय?"

पिवळं काहीतरी उभं होतं खरं. अंडीवाल्याने दार उचलून ढकललं आणि तो पावसात उतरला. अंग भिजत होतं. फोन कानाला धरून, दुसऱ्या हाताने कुंपण चाचपत तो पाटीपर्यंत गेला. अक्षरं जुळेनात. तो आणखी जवळ गेला, तोंड पाटीला लागेल इतका जवळ, आणि एकेक अक्षर लावत त्याने मुलीला वाचून दाखवलं.

"पुढे शाळा आहे. वाहने सावकाश चालवा."