मेव्हण्याचा टेप

मेकॅनिकच्या दुकानात त्याचा मेव्हणा आणि शेजारचा चष्मेवाला सकाळपासून हमरीतुमरीवर आले होते. दोघांचा लाडका रॉक गायक सत्तरीला टेकला होता आणि परवाच्या कार्यक्रमात त्याला वरचे सूर लागले नव्हते.

"आता गप घरी बसावं त्यानं," मेव्हणा म्हणाला.

"तूच बस घरी! एखाद्या दिवशी घसा बसतो माणसाचा."

मेकॅनिकचं डोकं उठलं. हातातलं काम तसंच पडलं होतं.

मेव्हण्यानं आपला जुना टेप पुढे सरकवला. तीस वर्षं दोघांनी त्या गायकाला ऐकलं होतं ते याच टेपवर. "दाजी, लावा कॅसेट. तेव्हाचा आवाज ऐकू दे याला."

कॅसेट सुरू होताच मेकॅनिकच्या कानांनी ओळखलं, टेपची मोटर जोरात पळतेय, म्हणून सूर चढलेत. त्यानं मागचं झाकण काढून मोटरचा स्क्रू जरासा फिरवला. सगळे सूर खाली उतरले आणि गायक थेट परवासारखा गाऊ लागला.

"अरे शहाण्यांनो, तो तेव्हाही असाच गायचा! तीस वर्षं तुमचा टेप पळतोय!"

आता भांडायला काही उरलं नव्हतं. सुटलो एकदाचा, असं मेकॅनिकला वाटलं.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "तो स्क्रू होता तसा करून द्या."

आणि चष्मेवाल्यानं सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या बोलण्याला मान डोलावली.