रुमालाखालची तीन बोटं

मित्रांनो, मी एक जुना चौकडीचा रुमाल आहे. पण नाक पुसायचा नव्हे हं! सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे सौदे माझ्याखाली होत. माझे मालक लोटनआबा घोड्यांचे व्यापारी. ते आणि घेणारं गिऱ्हाईक माझ्याखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. भोवती माणसं टाचा उंच करून बघायची, पण कुणाला काही दिसत नसे. काय रुबाब होता माझा!

मग एका वर्षी एका अनोळखी माणसाने माझ्याखाली तीन बोटं दाबली. आबांनी तीस हजार समजून आपली लाडकी पांढरी घोडी त्याच्या हाती दिली. त्याने तीन हजार हातावर ठेवले. बाकीचे पैसे मागितले तेव्हा तो म्हणाला, "मी तीन हजारच म्हटलं होतं." साक्षीला फक्त मी होतो, आणि मला कुठे बोलता येतं? आबांनी मला खुंटीला टांगलं. घोडीचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी कितीतरी वर्षं तिथेच धूळ खात पडलो, आणि मला माझीच लाज वाटत राहिली.

यंदा एका रविवारी सकाळी त्यांची नात कामिनी धावतच आली. ती शहाद्याला औषधाच्या दुकानात कामाला आहे. तिने मला खुंटीवरून ओढलं आणि माझ्या टोकाने मोबाइलची काच पुसली.

"आबा, मी शेअर ली ऱ्हायनी! दिनेश सरना अ‍ॅपमा दलाली शून्य शे. पन पैसा आजच टाकना पडतीन."

शेअर बाजार! बाजार हा शब्द ऐकून मी धाग्याधाग्यात शहारलो.

"दिनेश सर कोन शे?" आबांनी विचारलं.

"व्हॉट्सअ‍ॅपवरना शेतस. मी देखेल नही त्यासले."

"दलाली शून्य, मंग तो खास काय?" म्हणजे, मग तो खातो तरी काय?

कामिनी खळखळून हसली. दोन वर्षांच्या पगारातून साठवलेले वीस हजार तिने मोबाइलवर टाकले होते, आणि तिचा अंगठा 'पाठवा' या बटणावर उतरत होता. तेवढ्यात आबांनी तिच्या हातातून मला खेचलं आणि मोबाइलवर टाकलं. काच, बटण, अंगठा, सगळं माझ्याखाली गेलं.

"पोरी, मन्ही पांढरी घोडी अशीच गयी," आबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी ती सगळी हकीकत सांगितली. "त्याले सांग, पयले रुमाल उचल. खाले काय शे ते दखाड."

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे दलालाची नोंदणी लागते, हे कामिनीने वाचलं होतं. तिने दिनेश सरांना फोन लावला. "सर, सेबीचा नोंदणी क्रमांक सांगा. आणि पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यात कशाला?"

"अहो मॅडम, ऑफर संध्याकाळी संपतेय. विश्वास नाही का?"

"क्रमांक सांगा ना."

फोन कट! दुसऱ्या मिनिटाला कामिनीला ग्रुपमधूनही काढून टाकलं. ती आबांच्या गळ्यात पडून रडली आणि हसलीही.

पण पोरगी हटली नाही हो! आठवडाभर तिने दुसरी दोन अ‍ॅप घासूनपुसून पाहिली. दोन्हींचे क्रमांक सेबीच्या यादीत सापडले. एकाने वर्षाची फी बारीक अक्षरांत कुठेतरी तळाला दडवली होती. दुसऱ्याने दलाली, वर्षाची फी, सगळं पहिल्याच पानावर मांडलं होतं. वेड्यासारखे वाटणारे प्रश्न विचारायला तिने या दुसऱ्यांना फोन केला, तर समोरच्या बाईंनी न कंटाळता मराठीत उत्तरं दिली. तिने तेच घेतलं. दलाली शून्य नव्हती, पण उघडी होती.

शेअर ठेवायचं डिमॅट खातं निघालं. सोमवारी सव्वानऊला बाजार उघडला आणि कामिनी ओरडली, "लिधा! एक शेअर लिधा!" आबांनी मला थेट आढ्यापर्यंत उडवलं.

"हाऊ शेअर चारा खास का?" त्यांनी विचारलं.

"नही आबा. पन खाले पडू शकस."

"घोडीबी लंगडस," आबा म्हणाले.

आता मी रोज तिच्या मोबाइलची काच पुसतो. मित्रांनो, मला अधूनमधून धुवा, एवढंच मागणं आहे. आणि अनोळखी माणूस घाई करू लागला, तर आधी रुमाल उचलायला लावा. मला बोलता येत नाही, झाकता तेवढं येतं. पांढऱ्या घोडीच्या वेळी मी चोराची बोटं झाकली होती. या वेळी मी आमच्या कामिनीचा अंगठा झाकला.