भिंगाशेजारचे नाणे

मित्रांनो, मी भिंग आहे. पितळी कड्याचे, शिसवी मुठीचे, वयाने बरेच जुने. इंदूरच्या एका घड्याळजीने मला विकले आणि मी धारला दत्ताजी पोतनीसांच्या घरी आले.

दत्ताजी शाळेत इतिहास शिकवत. त्यांचे पूर्वज संस्थानच्या खजिन्यात नोकरीला होते; नाणी ओळखण्याचा नाद घरात तेव्हापासूनचा. १९९० नंतरची दहा-बारा वर्षे माझी सर्वांत सुखाची. रविवारी सकाळी लोक येत. जवळच्या तिरला गावाकडचे शेतकरी नांगराला लागलेली नाणी रुमालात बांधून आणत. दत्ताजी नाणे उजेडात धरत, मला डोळ्याजवळ नेत आणि दोन्ही बाजू निरखत. मग म्हणत, "खरं आहे, पण किंमत फारशी नाही. घरीच ठेवा." त्यांनी कधी कोणाकडून पैसा घेतला नाही. लोक माझेही कौतुक करत.

त्या लोकांत अशोक जगदाळे होते. साताऱ्याहून देवासला आलेले, तिथल्या एका कारखान्यात फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कामाला. भंगारात सापडलेले नाणे घेऊन ते पहिल्यांदा आले, आणि ते नाणे नसून देवळाचा बिल्ला निघाला तेव्हा स्वतःच पोट धरून हसले. पुढे वर्षातून एकदा तरी येत.

२००५ साली दत्ताजींच्या मुलाने, पियूषने, बाजारात सायबर कॅफे टाकला. एक दिवस तो म्हणाला, "बाबा, भिंग जरा नेतो. नाण्यांचे फोटो काढायचेत." मुलालाही नाद लागला म्हणून दत्ताजींना आनंद झाला. त्यांनी मला मलमलीत गुंडाळून त्याच्या हाती दिले.

कॅफेच्या मागच्या खोलीत प्लॅस्टिकचा एक टब होता. त्यात मीठ आणि नवसागर लावलेली ओली पोती, आणि पोत्यांखाली शे-दीडशे नवी तांब्याची नाणी, जुनी दिसावीत म्हणून कुजत घातलेली. त्यांच्यावरचा हिरवा चिकट राप पियूष बोटाने पुसे आणि त्याच बोटांनी मला उचले. माझ्या काचेवर ते लिबलिबीत ठसे उमटत. मला शिसारी येई. प्रत्येक चौकोनी नाण्यावर त्याच जागी तोच ओरखडा होता, जणू एकाच आईची शंभर आजारी पोरे. तो त्यांतले एक उचले, शेजारी मला ठेवी, फोटो काढी आणि इंटरनेटवर विकायला टाकी. खाली लिही : माळव्याच्या सुलतानांचे दुर्मिळ नाणे, धारचे तज्ज्ञ दत्ताजी पोतनीस यांच्या प्रमाणपत्रासह. सही त्याने वडिलांच्या जुन्या पत्रावरून स्कॅनरने उचलली होती. लोकांचा विश्वास बसावा म्हणून मी तिथे होते. स्वतःचीच इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती.

पुढच्या वर्षी एका रविवारी अशोक धारला आले. तक्रार घेऊन नव्हे, पेढे घेऊन.

"सर, शेवटी जुनं नाणं घेतलंच बघा! अकरा हजारांना, इंटरनेटवरून. पुढं तिप्पट किमतीला जाईल म्हणतात. आमच्या पोरीच्या, किमयाच्या कॉलेजची सोय होईल. तुमची सही पाहिली आणि दुसरा विचारच केला नाही."

"माझी सही?" दत्ताजींनी विचारले, आणि पियूषला भिंग घेऊन बोलावले.

त्यांनी आधी माझी काच पुसली. मलमल हिरवी झाली. मग त्यांनी नाणे पाहिले, सोबतचा प्रमाणपत्राचा कागद पाहिला.

"नाणं खोटं आहे," ते म्हणाले. "आणि ही सही मी केलेली नाही."

पियूष लगेच अशोकांपुढे झाला आणि इंदुरी हिंदीत घसरला. "भिया, यांचं मनावर नका घेऊ. मोतियाबिंद है इनको, ठीक से दिखता नहीं. आजकल काहीही बोलतात."

मोतीबिंदू खराच होता. अशोकांनी बापाकडे पाहिले, मग मुलाकडे. मुलाचे खरे ठरावे असे त्यांना फार वाटत होते. ते त्यांच्या तोंडावर दिसत होते. दत्ताजींनी वाद घातला नाही. त्यांनी मला अशोकांच्या हातात दिले.

"माझ्या डोळ्यांवर जाऊ नका. तुम्ही फाउंड्रीतले ना? तुम्हीच पाहा. कड पाहा."

अशोकांनी नाणे उभे धरले. माझ्यातून त्यांचा डोळा मोठा होत गेला.

"हे तर कास्टिंग आहे," ते हळूच म्हणाले. "हे हवा अडकल्याचे खड्डे. ही साच्याच्या जोडाची रेघ, वरून कानस मारलीय. जुनी नाणी ठोकून करायचे ना, सर? मग ही रेघ येईलच कशी? असला माल मी रोज रिजेक्ट करतो."

ते पियूषवर ओरडले नाहीत. त्यांनी नाणे टेबलावर ठेवले आणि हात पँटीला पुसत राहिले, पुन्हा पुन्हा.

आतून दत्ताजींच्या पत्नी इंदिराबाई आल्या. "घरातल्या घरात मिटवा हो. पोराचं नाव खराब होईल."

"त्याचं नाव तिथं नव्हतंच," दत्ताजी म्हणाले. "माझं होतं."

त्यांनी मला खिशात घातले आणि अशोकांबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तक्रार स्वतःच्या हाताने लिहिली, हिंदीत. तक्रारदाराच्या जागी त्यांनी आपले नाव लिहिले. आरोपीच्या वडिलांच्या रकान्यातही तेच लिहावे लागले. तिथे त्यांचे पेन जरा थांबले होते.

टबातली नाणी जप्त झाली. पुरावा म्हणून मलाही त्यांच्याच पोत्यात टाकले. तीन वर्षे मी पोलिसांच्या मालखान्यात त्या हिरव्या घाणीत पडून होते. माझे कडे काळे पडले. पियूषला शिक्षा झाली. कॅफेचे कॉम्प्युटर विकून काही जणांचे थोडे पैसे परत गेले. अशोकांना अर्धे मिळाले. बाकीचे लोक कुठे नागपूरला, कुठे कोल्हापूरला; कित्येकांना तर आपण फसलो हेही कळले नसेल.

मी सुटून आले तेव्हा दत्ताजींना फारच अंधुक दिसत होते, आणि रविवारी कोणी येत नव्हते. त्यांनी माझ्या काचेवरून अंगठा फिरवला आणि मला देवासला अशोकांकडे पाठवून दिले. आता मी तिथे असते. ते दर आठवड्याला माझे कडे चिंचेने घासतात.

मित्रांनो, फोटोतले नाणे उलटता येत नाही, त्याची कड बोटाला लागत नाही. कागदावर कोणाचेही नाव असो, वस्तू हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि माझी एक विनंती ऐका : मला पाहण्यासाठी हातात घ्या, दाखवण्यासाठी कशाच्या शेजारी ठेवू नका.