शमसूभाईंचा कान

“शिट्टी नाही.” शमसूभाईंनी कानाला लावलेला लांब स्क्रू ड्रायव्हर खाली घेतला. “टर्बो गेला, मॅडम.”

स्वारगेटमागच्या गल्लीतल्या त्या गॅरेजात गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि इंजिन घरघरत होतं. गाडी कोथरूडच्या मंदाकिनीबाईंची. चालवायच्याही त्याच, शेजारी बसून सूचना करायचं काम नवऱ्याकडे, श्रीनिवासरावांकडे.

“घाटात पाय पूर्ण दाबला तरी ओढेना हो,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “मागे काळा धूर. शेवटी उसाचा ट्रक आम्हाला ओलांडून गेला.”

“ड्रायव्हरनं वर हात केला. टाटा करावं तसा,” श्रीनिवासराव म्हणाले. मग त्यांनी बॉनेटपाशी मान वाकवली. “पण काहीतरी शिट्टीसारखं वाजतंय की अजून.”

“तो बेल्टचा आवाज, साहेब.”

“असेल बुवा. आमचा कान भाजीवाल्याच्या आरोळीपुरताच.”

यावर शमसूभाई नुसते हसले. नाव शमशुद्दीन, पण सगळ्या लाईनीत त्यांना ‘कानवाले शमसूभाई’ म्हणत, आणि ते उगाच नव्हतं. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तो जोरात फिरला की बारीक शिट्टी वाजते, आणि ती हवा वाटेत कुठून निसटली की फुस्स असा त्याहून बारीक आवाज येतो. या दोन आवाजांवर शमसूभाईंनी घर चालवलं, मुलीला डिप्लोमापर्यंत शिकवलं. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी हात टेकलेल्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या. ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवत, मूठ कानाला लावत, डोळे मिटत आणि निदान सांगत. स्कॅनरला ते मानत, पण बेतानं. “ताप आहे हे थर्मामीटर सांगतो. कशाचा आहे ते सांगतो का?” असं म्हणत. साबणाचं पाणी लावून गळती शोधणाऱ्यांची तर ते उघड चेष्टा करत. साबण पंक्चरवाल्यानं लावावा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

त्या दिवशी नाजिमा गॅरेजात नव्हती. नाजिमा म्हणजे त्यांची मुलगी, शोरूमची नोकरी सोडून आलेली आणि आता बरोबरीची मेकॅनिक. अम्मीला, म्हणजे अख्तरबानूंना, मोतीबिंदू दाखवायला ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. तेव्हा निदान शमसूभाईंनी एकट्यानंच केलं. नवा टर्बो मागवायचं ठरलं आणि नवराबायको रिक्षानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाजिमा आली तेव्हा शमसूभाई टर्बोचे बोल्ट सोडायला बसतच होते.

“थांबा ना, अब्बा. मी पण बघते एकदा.”

“बघायचंय काय त्यात? शिट्टीच नाही.”

तिनं इंजिन चालू केलं, बाहेरूनच हात घालून रेस वाढवली आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग मदतीला आलेल्या शेजारच्या पोराच्या हातात अ‍ॅक्सिलरेटरची केबल देऊन टॉर्च उचलला आणि खाली वाकली. उजेड टर्बोवर पडलाच नाही. तो सरळ बंपरच्या मागे उतरला, टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी पाइपाच्या वळणापाशी गेला आणि तिथंच थांबला.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. नाजिमानं टॉर्च धरायचा, शमसूभाईंनी ऐकायचं आणि बोट ठेवायचं. बोट बरोबर जागी पडलं की ती म्हणायची, “सापडलं बघा, अब्बा!” आणि ते टॉवेलला हात पुसत पुढच्या गाडीकडे वळायचे.

आज त्यांनी उजेडाकडे पाहिलं आणि त्यांचा हात पुढे होईना. तिथं काहीच ऐकू येत नव्हतं. मग हिनं उजेड तिथं का धरला? त्यांना मागच्या महिन्यातली टॅक्सी आठवली. टर्बोची हवा थंड करणाऱ्या कूलरच्या जोडातली गळती त्यांनी चुटकीसरशी शोधली होती. तेव्हा उजेड कुठं होता? त्या जोडावरच. त्याआधीची शाळेची व्हॅन, दिवाळीतली ती पांढरी गाडी... दर वेळी त्यांचं बोट पोचायच्या आधी टॉर्चचा उजेड तिथं पोचलेला असायचा.

“इंजिन बंद कर,” ते म्हणाले आणि शेजारी दशरथच्या पंक्चरच्या दुकानात गेले.

“साबणाचं पाणी दे रे जरा. आणि ब्रश.”

दशरथ बघतच राहिला. “साबण? तुम्हाला?”

“दे म्हटलं ना.”

हवा आत शिरते ते तोंड शमसूभाईंनी बूच मारून बंद केलं आणि बुचाच्या नळीतून कॉम्प्रेसरच्या टाकीतली हवा बेताबेतानं आत सोडली. मग जमिनीवर आडवे होऊन पाइपाच्या वळणावर ब्रश फिरवला. वळणाच्या आतल्या अंगाला, वरून दिसणारच नाही अशा जागी फेस धरला. बुडबुडे फुगत होते, फुटत होते आणि त्यांच्या जागी दुसरे येत होते. त्यांनी कान जवळ नेला, अगदी गालाला फेस लागेपर्यंत. काही नाही. बोट ठेवलं तर हवा बोटाला चांगली जोरात ढकलत होती.

नाजिमा शेजारी उकिडवी बसली होती.

“आत्ता आवाज येतोय?” त्यांनी विचारलं.

तिनं टॉर्च विझवला.

“बेटा, मी विचारतोय.”

“येतोय, अब्बा.”

“आणि काल ती शिट्टी? साहेब म्हणत होते ती?”

“काल मी नव्हते. पण आज वाजत होती. टर्बो चांगलाय. हवा मधेच जातेय.”

शमसूभाई तसेच पडून राहिले. वर गाडीचं काळं पोट होतं. म्हातारपण गुडघ्यांत आलेलं त्यांना कळलं होतं, डोळ्यांत आलेलंही कळलं होतं. कानातलं मात्र कळलं नाही, कारण ज्यानं कळायचं तेच गेलं होतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं.

“एवढी चांगली शोरूमची नोकरी सोडून आलीस, ती यासाठी?”

“तिथला चहा वाईट होता.”

“नाजू.”

“अम्मीनंच आधी ओळखलं होतं,” ती खाली बघत म्हणाली. “म्हणाली, त्यांना सांगू नकोस. त्यांच्याजवळ उभी राहा फक्त.”

ते बाहेर आले, हात धुतले आणि मंदाकिनीबाईंना फोन लावला. नाजिमा हळूच म्हणाली, “पाइप फाटलेला निघाला, एवढंच सांगा ना. कानाचं नको.” त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“मॅडम, टर्बो ठीक आहे तुमचा. मागवलेला रद्द करतो. रबरी पाइप फाटलाय. काल मी चुकलो. मला बारीक आवाज येत नाहीत आता. साहेबांना सांगा, त्यांनी ऐकलं ते बरोबर होतं.”

मंदाकिनीबाईंनी फोन नवऱ्याकडे दिला. मग श्रीनिवासरावांचा आवाज आला. नेहमीचा टोमणा त्यांना सुचला नसावा. “अहो शमसूभाई, गाडी तुमच्याकडेच राहू दे. सावकाश करा,” एवढंच ते म्हणाले.

दुपारी नवा पाइप बसला. बाजीराव रस्त्यावरच्या गॅरेजचा एक माणूस दुसऱ्या गाडीची तक्रार घेऊन आला होता, तोही बघत उभा राहिला. इंजिन चालू झालं. सवयीनं शमसूभाईंनी लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला. त्याची लाकडी मूठ इतक्या वर्षांत कानाला घासून गुळगुळीत झाली होती. त्यांनी ती अंगठ्यानं पुसली आणि स्क्रू ड्रायव्हर नाजिमापुढे धरला.

“तू ऐक.”

तिनं त्या माणसाकडे पाहिलं, मग अब्बांकडे. मूठ कानाला लावली आणि त्यांच्यासारखेच डोळे मिटले.

“वाजतेय?”

“वाजतेय, अब्बा. स्वच्छ.”

शमसूभाईंनी मान डोलावली. मग फळीवरचा टॉर्च घेतला, तिच्या शेजारी येऊन वाकले आणि विचारलं, “उजेड कुठं धरू?”